मॉरीनचं आजोळ

शेडच्या पत्र्यावर धप्प असा आवाज झाला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. फिजोआ पडायला लागले. हे फळ झाडावरून तोडायचं नसतं. ते आपलं आपण पडतं, आणि पडलं म्हणजेच पिकलं, असं इथले लोक मानतात. हिल्सबरोच्या ज्या घरात मी खालच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्याच्या मागच्या उतारावर फिजोआची जुनी झाडं आहेत. एप्रिल उजाडला की पोपटी, लांबट फळं गवतात इतकी पडतात की चालताना पायाखाली येतात. आत पांढरट दाणेदार गर. वास अर्धा पेरूचा आणि अर्धा अत्तराच्या दुकानातला. ह्या दिवसांत ऑकलंडमध्ये फिजोआ कुणी विकत घेत नाही. फाटकाबाहेर खोकी भरून ठेवलेली असतात आणि वर लिहिलेलं असतं, 'फुकट, न्या.'

हा वास मला आवडतो, असं मी सगळ्यांना सांगते. पण तो नाकात शिरला की डोक्यावरच्या लाकडी छतातून दोन माणसांचा आवाज ऐकू यायला लागतो. आता वर कुणी नसलं तरी.

ते लॉकडाऊनचं वर्ष होतं. आई गेल्यानंतर अप्पा, म्हणजे माझे वडील, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच बसून राहायचे, म्हणून मी त्यांना थोड्या महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. परतीचं तिकीट काढलेलं होतं. आणि मग विमानंच थांबली. घर चढावर आहे, वरच्या मजल्यावर मालक-मालकीण, केन आणि मॉरीन, आणि खाली मी. दोघं इंग्लंडमधून इथे येऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरीला टेकलेली. घरं बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी मॉरीन जिना उतरून आली आणि म्हणाली, "अनू, आपण चौघं एकच बबल. तुझ्या वडिलांनी एकट्याने भिंतीकडे बघत बसायचं नाही." बबल म्हणजे एकमेकांत मिसळायला परवानगी असलेली माणसं. हा शब्द तेव्हा नवा होता, आणि ऐकायला किती हलका वाटायचा! साबणाचा फुगा. आत राहायला लागल्यावर कळलं, त्याला दार नसतं.

दिवस मोठे सुरेख होते, हेही सांगायला हवं. एवढं कोवळं ऊन मी ऑकलंडमध्ये पुन्हा पाहिलं नाही. खाली मनुकाऊच्या खाडीचं पाणी ओहोटीला दूरवर सरकायचं आणि राखाडी चिखल उघडा पडायचा. रस्त्यावर गाडी नाही, आकाशात विमान नाही. शेजारच्या घरांच्या खिडक्यांत लहान मुलांसाठी अस्वलं मांडून ठेवलेली. मी विमा कंपनीत क्लेम्सचं काम करते, ते जिन्याखालच्या टेबलावरून करायचे. कानाला हेडफोन, कुणाच्या तरी गळक्या छताची तक्रार, आणि हेडफोनच्या बाहेर, माझ्याच छतावर, केन आणि मॉरीन.

अप्पा सोफ्यावर पेपर वाचल्यासारखं करत असत. ते वर बघून म्हणायचे, "भांडालेत काय गं पुन्हा?"

अप्पा मूळचे बेळगावचे. सगळं आयुष्य पुण्याच्या कारखान्यात काढलं, तरी जिभेवरचं बेळगाव गेलं नाही.

"हो अप्पा."

"तेच काय?"

"तेच."

तेच म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ते. त्याचं मतदान होऊन वर्षं लोटली होती, आणि त्याच जानेवारीत ब्रिटन खरोखर बाहेर पडलं होतं. जगाच्या दृष्टीने विषय संपला होता. आमच्या वरच्या मजल्यावर तो तेव्हाच सुरू झाला होता. केनने बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. इथूनच, पोस्टाने. मॉरीनने राहण्याच्या बाजूने. दोघांनी ते एकमेकांपासून लपवलंही नव्हतं.

ह्या भांडणाला त्या एप्रिलमध्ये धार चढण्याचं कारण होतं त्यांची मुलगी, हेलन. ती पोर्तुगालमध्ये शाळेत शिकवते, तिथल्याच माणसाशी लग्न केलंय, आणि तेव्हा तिला दिवस गेले होते. म्हातारपण मुलीजवळ काढायचं हे मॉरीनच्या मनात कितीतरी वर्षं होतं. जुन्या नियमाने ब्रिटिश माणसाला तिकडे जाऊन राहायला कुणाला विचारावं लागत नसे. बाहेर पडल्यावरही त्या वर्षअखेरपर्यंत सवलत होती. तोवर जाऊन बस्तान बसवलं तर जुने हक्क राहणार, त्यानंतर जाणारा पाहुणा. मॉरीनने एप्रिलचं तिकीट काढलं होतं. मुलीचं बाळंतपण करायचं आणि तिथेच राहायचं. केन मागाहून येईन म्हणत होता. येईनच असं म्हणत नव्हता.

आणि विमानं थांबली. तिकडे वर्ष सरत होतं, दार हळूहळू लोटलं जात होतं, आणि ही इकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, फिजोआ वेचत.

रोज रात्रीचं जेवण आम्ही चौघं वर घ्यायचो. मॉरीन बटाटे भाजायची, अप्पा भात आणि आमटी न्यायचे. डाळी-मसाल्यासाठी मी सँडरिंगहॅमला जाऊन भारतीय दुकानाबाहेर अंतर राखून रांगेत उभी राहायचे, ती माझी सगळ्यात लांबची सहल. एकदा अप्पांनी फिजोआची कोशिंबीर केली. पेरूची करतात तशीच, दही, साखर, वरून हिंग-मिरचीची फोडणी. केनने दोनदा वाढून घेतली. त्या रात्री जरा हसणं-खिदळणं झालं. मग टीव्हीवर कुणीतरी लंडनमधून काहीतरी बोललं आणि मॉरीनने चमचा खाली ठेवला.

"आपण इथे रबरी जँडल्स घालून कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापर्यंत गेलो," ती म्हणाली. ती केनकडे बघत नव्हती, अप्पांना सांगत होती. "म्हणजे हा गेला. तिथल्या पोस्टाच्या पेटीत ह्याने माझं म्हातारपण टाकलं. आणि येताना दूध घेऊन आला."

"मॉरीन."

"आणलंस की नाही दूध?"

केन उंच, हाडापेराने मोठा माणूस आहे. तो बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता. "माझ्या बापाची बोट मोडीत काढली तेव्हा तू तिथे होतीस?"

तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या बंदरातला. त्याच्या लहानपणी धक्क्यावर बोटी इतक्या दाटीने लागायच्या की एकीवरून दुसरीवर उड्या मारत पलीकडे जाता यायचं. मग समुद्र कुणाचा, मासे कुणाचे, हे दूरच्या कचेऱ्यांत ठरायला लागलं असं तो म्हणायचा, आणि बोटी एकेक करून भंगारात गेल्या. त्याचे वडील त्यानंतर रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. करायला काही नसताना.

"मग आता आल्या का त्या बोटी?" मॉरीनने विचारलं.

केनने मीठ माझ्याकडे सरकवलं. मी मागितलं नव्हतं.

तुम्ही कधी दुसऱ्याच्या भांडणात रोज जेवायला बसला आहात? उठून जाता येत नाही, कारण जायला जागा नाही. बाजू घेता येत नाही, कारण दोन्ही माणसं आपली आहेत, आणि वर दोघं घरमालक. पुण्यात असते तर चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत फिरून आले असते. इथे कोपऱ्यापर्यंत जायचं तरी पोलिसांनी विचारलं तर काय सांगायचं, ह्याची मनात तयारी करावी लागायची. रात्री आडवी झाले की वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू यायची. केन पुढच्या खोलीत झोपायला लागला होता.

पंचवीस एप्रिलला इथे युद्धात गेलेल्या सैनिकांची आठवण करतात. एरवी पहाटे स्मारकापाशी गर्दी होते. त्या वर्षी ज्याने त्याने आपल्या फाटकाशी उभं राहायचं होतं. आम्ही चौघं अंधारात उभे राहिलो. अप्पांनी मफलर आणि माकडटोपी घातलेली. रस्त्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी बिगुल वाजवलं, ते थोडं बेसूर होतं म्हणूनच फार लागलं. घराघरापुढे मेणबत्त्या आणि गप्प माणसं. केनच्या डोळ्यांत पाणी होतं. परत वळताना तो म्हणाला, "माझा आजोबा त्या देशासाठी मेला."

"फ्रान्सच्या मातीत पुरलाय त्याला," मॉरीन म्हणाली. "त्याच्या थडग्याला भेटायला आता पासपोर्टवर शिक्का मारून घे."

तिला ते बोलायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलून झालं होतं. केन घरात न जाता मागच्या उतारावर गेला आणि उजाडेपर्यंत तिथे पाठमोरा उभा राहिला. मी चहा घेऊन गेले. त्याने कप घेतला, पण मागे वळला नाही.

हेलनला मुलगी झाली ती बातमी एका दुपारी आली. टॅबलेटच्या काचेत लालबुंद, सुरकुतलेला, मुठी आवळलेला जीव. मॉरीन काचेवरून बोट फिरवत होती, बोट लागलं की चित्र मोठं व्हायचं आणि बाळाचा फक्त कानच दिसायचा. अप्पांनी मला साखर आणायला सांगितली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. केन वाकून म्हणाला, "हॅलो, प्रिन्सेस." पलीकडून हेलन म्हणाली, "मम, कधी येतेस?" फक्त मम म्हणाली. मतदानापासून ती बापाशी कामापुरतंच बोलायची.

स्क्रीन बंद झाल्यावर केन म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ. दोघं जाऊ."

"पुढच्या वर्षी मी पर्यटक असेन."

"आजी पर्यटक नसते, मॉरीन."

"आता असते," ती म्हणाली. "तीन महिने झाले की आजीने उठायचं आणि विमानतळावर जायचं."

त्यानंतरचा एक दिवस मात्र ऊन असलेला आठवतो. ओट्याशी मॉरीन आणि अप्पा फिजोआ कापत बसले होते, ती चटणी करणार होती. मी लॅपटॉप घेऊन तिथेच, कारण खाली सिग्नल येत नव्हता. अप्पांना एक खोड आहे. माणूस कुणीही असो, ते नाव विचारतात, गाव विचारतात, आणि मग विचारतात, आजोळ कुठलं? इथल्या टॅक्सीवाल्यालाही त्यांनी विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी मॉरीनला विचारलं, आणि आजोळला इंग्रजी शब्द न सुचल्यामुळे माझ्याकडे बघितलं.

"आईच्या आईवडलांचं घर," मी सांगितलं. "सुट्टीत जिथे जातात ते."

मॉरीन थोडा वेळ कापत राहिली. "सुट्टीत आम्ही नाही जायचो. माझी आई सांगायची, मी लिव्हरपूलची. पण ती आयर्लंडची. पश्चिमेकडच्या खेड्यात जन्मली. नोकरीसाठी इंग्लंडला आली तेव्हा खोली भाड्याने द्यायचे नाहीत आयरिश लोकांना. म्हणून तिने बोलणंच बदलून टाकलं. फार चिडली की जुना हेल यायचा. मग आम्ही हसायचो."

"म्हणजे आजोळ आयर्लंड," अप्पा म्हणाले. "तो पण निघाला काय बाहेर? युनियनमधून?"

"नाही. आयर्लंड आत आहे."

"मग तिथनं जा की," अप्पा म्हणाले. त्यांना कायदा माहीत नव्हता. लहानपणी शेतातल्या मोठ्या वाटेवर पाणी आलं की मामाच्या शेतातून जायचं, तेवढ्याच अर्थाने ते बोलले होते. मी भाषांतर केलं आणि मॉरीनची सुरी थांबली.

तिला ते माहीत नव्हतं असं नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आईची मुलगी आयरिशच धरली जाते, आणि तिच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी तसे पासपोर्ट काढूनही घेतले होते. पण आईने जे जन्मभर पुसून टाकलं, ते आपण सोयीसाठी परत लिहून घ्यायचं, हे तिला नको वाटत होतं. त्या दिवशी तिने दोन्ही हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "माझ्या आजीचं घर मी एकदाच पाहिलंय. दारात शेळी बांधलेली होती." आणि रडायला लागली. अप्पा घाबरले. "मी काय वाईट बोललो काय गं?" मी नाही म्हटलं. चटणी त्या दिवशी करपली.

केनला तिने जेवताना सांगितलं. ती आयरिश पासपोर्ट काढणार. मग तिला पोर्तुगालात हवं तितकं राहता येईल, वर्षअखेरची घाई नाही. आणि नवरा म्हणून केनलाही.

"नवरा म्हणून," केन म्हणाला.

"हो. माझ्यामुळे."

"म्हणजे मी बाहेर पडायला मत द्यायचं, आणि मग बायकोच्या पदराआडून परत आत शिरायचं?" पदर हा शब्द माझा, पण त्याने जे म्हटलं ते असंच होतं. "नाही. मी चुकलो असेन तर त्याचं मी बघेन. पण चोरदाराने नाही जाणार."

"चुकलो असेन म्हणालास?"

"असेन म्हणालो."

सगळ्या आठवड्यांत तो एवढंच मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या वाफ्यातली टोमॅटोची वाळलेली झाडं उपटत होता. अप्पा मदतीला गेले आणि मला दुभाषी म्हणून घेऊन गेले. तेव्हा अप्पांनी त्याला जे सांगितलं ते मलाही कधी सांगितलं नव्हतं. राज्यं नव्याने आखली तेव्हा बेळगाव सीमेच्या त्या बाजूला गेलं. आजोबांनी ते मरेपर्यंत मान्य केलं नाही. घरात सकाळ-संध्याकाळ तोच विषय. आजोबांच्या धाकट्या भावाने मात्र आपल्या मुलीचं, आक्काचं, लग्न धारवाडच्या कानडी घरात ठरवलं. दोघा भावांनी अंगणात मधोमध कुंपण घातलं. बायका कुंपणावरून कालवणाच्या वाट्या द्यायच्या. पुरुष बोलायचे नाहीत.

"मी पुण्याला आलो नोकरीसाठी, असं सगळ्यांस्नी सांगतो," अप्पा म्हणाले. "खरं म्हणजे जेवताना तो विषय नको झालता."

केनने विचारलं, "बरोबर कोण होतं? तुझे वडील की काका?"

अप्पांनी हातातली माती झटकली. "वडिलांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "आजही म्हणतो, बरोबर होतं. पण आक्काच्या लग्नाला आम्ही गेलो नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. केनने पुढचं झाड उपटलं, मुळाची माती आपटून काढली, तेही ढिगावर टाकलं.

ह्यावर मी पुढे कितीदा विचार केला आहे. माझ्याही कपाटात निळा भारतीय पासपोर्ट आहे. इथला घ्यायचा तर तो परत करावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. मनुरेवाची माझी मैत्रीण म्हणते, घेऊन टाक गं, पाच मिनिटांचा समारंभ, वर रोपटं देतात. मी दरवर्षी अर्ज उघडते आणि बंद करते. केन-मॉरीनचं भांडण खाली बसून ऐकताना मला आपण सुरक्षित आहोत असं वाटायचं, हे तर परक्यांचं. पण कुठल्यातरी गोष्टीतून बाहेर पडायचं की नाही, हा प्रश्न माझ्याही टेबलावर पडून होता, आणि मी त्याला हात लावत नव्हते.

हिवाळ्यात अप्पा खास सोडलेल्या विमानाने परत गेले. आता पुण्याला चुलतभावाच्या शेजारी राहतात. फोनवर आधी विचारतात, "केन काय म्हणालाय?" मग माझी चौकशी. मॉरीनचा पासपोर्ट पुढच्या वर्षी आला, गडद तांबडा, आणि ती गेली. तिला सोडून आल्यावर केनने गाडी बंद केली आणि आतच बसून राहिला. मी खिडकीतून बघत होते. नंतर त्याने वरचा मजला झाडून काढला.

तेव्हापासून मी हे घर सोडायचं ठरवते आहे. ऑफिसजवळ चांगली जागाही मिळत होती. पण वर एक म्हातारा माणूस एकटा, आणि आजारी पडला तर त्याची पावलं ऐकणारी मीच. भाडं वाढवत नाही, मला जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. हिवाळ्यात दमट भिंतींना बुरशी धरते, ती पुसत मी राहते.

मॉरीन दर नाताळला येते, उन्हाळा इथे काढते, परत जाते. दोघं आता भांडत नाहीत. कधीकधी वाटतं, भांडायचे तेव्हा बरं होतं. ह्या वर्षी मात्र मार्चमध्ये ती निघाली तेव्हा केनही बॅग घेऊन खाली आला. कुणी काही विचारलं नाही. त्याने वरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "छताच्या पन्हाळीत पानं अडकतात, तेवढं बघ."

परवा त्याचा फोन आला. नात शाळेत जायला लागली आहे, त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलते, आणि त्याला कळलं नाही की तेच पुन्हा मोठ्याने बोलते. हेलनने त्याला मासळीबाजारात नेलं होतं. तिथल्या माशांची नावं तो मला सांगत बसला. मग मधेच म्हणाला, "विमानतळावर दोन रांगा होत्या. एक युनियनच्या पासपोर्टवाल्यांची, एक बाकीच्यांची."

"हो?"

"तिची मोकळी होती. तिथला माणूस हाताने बोलवत होता तिला. ती नाही गेली. माझ्याबरोबर लांबलचक रांगेत उभी राहिली, मुलांच्या रडारडीत. मी म्हटलं, तू हो पुढे, गुडघा दुखतोय तुझा. ती म्हणाली, गप्प उभा राहा."

मी हसले. तो हसला नाही.

"काउंटरवर परतीचं तिकीट मागितलं. मी दिलं. तेव्हा तिने त्याच्यावरची तारीख पाहिली. तीन महिने भरायच्या आतली."

"तिला माहीत नव्हतं?"

"तिने विचारलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं." मागे कुणीतरी भांडी मांडत होतं. "घर येईपर्यंत गाडीत बोलली नाही."

मी म्हटलं, "तारीख बदलता येते ना, केन?"

"तिकिटाची येते," तो म्हणाला.